टप उघडणारी जुनी गाडी, मागची सीट आणि वेगळे झालेले आईबाप

एक नमुन्याचं भांडण घेऊ. गाडी आईची, तिला तिच्या वडिलांकडून मिळालेली: १९६४ सालची, दोन दारांची, कापडी टप मागे दुमडता येणारी. मुलगी सहा वर्षांची. घटस्फोट झालेला, मुलगी काही दिवस आईकडे, काही दिवस बाबाकडे. एका रविवारी मुलगी बाबाला फोनमधला व्हिडिओ दाखवते. त्यात ती मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून वाऱ्यात हात पसरते आहे. मग मेसेज सुरू होतात.

«तिला त्या गाडीतून नेत जाऊ नकोस. मागे धड पट्टासुद्धा नाही.»

«पट्टा आहे. आणि ती माझ्याकडे असताना काय करायचं ते मी बघेन.»

«पोटावरचा पट्टा म्हणजे पट्टा नव्हे.»

«तू आणि मी लहानपणी कुठल्या पट्ट्यात वाढलो? काही झालं का?»

(गाडी बाबाची आणि काळजी आईची, असं उलटही असू शकतं. मुद्दे बदलत नाहीत.)

या चार ओळींत पदार्थविज्ञान आहे, कायदा आहे आणि संसारातली शिल्लक राहिलेली चीडही आहे. तिन्ही एकदम सोडवायला गेलं की एकही सुटत नाही. म्हणून आधी गाडीचं बघू. तिथे निदान काही गोष्टी मोजता येतात.

जाड पत्र्याचा भरवसा

जुन्या गाड्यांचे शौकीन एक वाक्य हमखास बोलतात: «तेव्हाचा पत्रा बघा, आजच्या गाड्या म्हणजे डबे.» पत्रा जाड होता हे खरं. पण अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २००९ मध्ये १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू समोरासमोर आदळवून पाहिल्या. दोन्हींचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर, धडक नाकाच्या एका बाजूला. बेल एअरमध्ये चालकाची बसायची जागाच चेपली गेली, स्टिअरिंग चाक चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्यावर येऊन आदळलं. मालिबूतल्या पुतळ्याच्या पायाला इजा झाली असती, जीव वाचला असता.

कारण असं, की नाक चेपलं पाहिजे आणि बसायची जागा शाबूत राहिली पाहिजे. चेपणारं नाक धडकेचा जोर खातं, शाबूत पिंजरा माणसाला जागा देतो. जुन्या गाड्यांत हा विचारच नव्हता. कुठे काय वाकेल ते त्या-त्या धडकेवर सोडलेलं. शिवाय बेल एअर बंद टपाची होती. टप कापला की पिंजऱ्याची वरची बाजूच जाते आणि सगळा भार खालच्या चौकटीवर येतो. उत्पादकांनी तळाला जादा पट्ट्या मारून ती कसर काही प्रमाणात भरून काढली, पण ती गाडी वळणावर लपलपू नये म्हणून.

आता «आपण नाही का वाढलो» याचं उत्तर. जे वाचले तेच हे वाक्य बोलायला उरले, हा त्यातला एक भाग, आणि तो बहुतेकांना ठाऊक असतो. दुसरा भाग कमी बोलला जातो: तेव्हा समोरून येणारी गाडीही तशीच होती. आज हजार किलोच्या जुन्या गाडीसमोर दोन हजार किलोची एसयूव्ही येते. दोघी ताशी ५०ने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या असं धरा. जड गाडी हलकीला मागे रेटत नेते, आणि दोन्ही मिळून जडीच्या दिशेने साधारण १७च्या वेगाने सरकतात. म्हणजे जड गाडीच्या वेगात बदल झाला ३३चा. हलकीचा वेग ५०वरून शून्यावर आला आणि वर उलट दिशेने १७ झाला, एकूण बदल ६७चा. क्षणार्धात होणारा हा बदलच शरीर मोडतो. धडक एकच, पण हलक्या गाडीतल्यांना दुप्पट.

ब्रेकचं थोडक्यात. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारं मंडळ एकच असे. एखादा रबरी होज फुटला की चारही ब्रेक गेले. दोन स्वतंत्र मंडळांची पद्धत अमेरिकेत १९६८च्या सुमारास सक्तीची झाली. दुहेरी मास्टर सिलेंडर जुन्या गाडीला नंतरही बसवता येतो आणि कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला ते काम माहीत असतं. मूल बसणार असेल तर क्रोमची पॉलिश नंतर, हे आधी.

टप नसलेली गाडी उलटली तर काय, हा बाबाचा सर्वांत मोठा धसका असणार. तो खोटा नाही. पण अपघातांत गाडी उलटण्याचे प्रसंग धडकांच्या मानाने फार कमी, आणि मूल बुटकं असल्याने मोठ्यांइतकं वर येत नाही. टप उघडणाऱ्या नव्या गाड्यांत, म्हणजे कन्व्हर्टिबलमध्ये, गाडी कलंडायला लागली की सीटमागून दांडे वर उसळतात. मर्सिडीजने १९८९च्या एसएलमध्ये तसा दांडा दिला होता. त्यामुळे नव्या कन्व्हर्टिबल बंद टपाच्या गाड्यांपेक्षा घातक दिसत नाहीत. १९६४च्या गाडीत यातलं काही नाही. काचेची चौकट हाच काय तो आधार, आणि ती गाडीचं वजन पेलायला बनवलेली नसते. तरीही मला विचाराल तर टप हा या भांडणातला सर्वांत डोळ्यांत भरणारा मुद्दा आहे, सर्वांत महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा मुद्दा सीटवर आहे.

पोटावरचा पट्टा

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी बांधलेला पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिनने तयार केला आणि १९५९ मध्ये तो गाड्यांत आला. पण सगळीकडे पोहोचायला त्याला दशकं लागली, आणि कन्व्हर्टिबल रांगेत कायम शेवटी. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला, त्यातून टप उघडणाऱ्या गाड्यांना सूट होती. मागच्या सीटला खांद्याचा पट्टा साध्या मोटारींना १९८९च्या अखेरीस सक्तीचा झाला, कन्व्हर्टिबलना १९९१ मध्ये. कारण साधं: पट्ट्याचं वरचं टोक दारामागच्या खांबाला बांधतात, आणि या गाड्यांना तो खांबच नसतो.

म्हणून १९६४च्या गाडीत मागे असलाच तर फक्त कमरेचा पट्टा. तोही बहुधा नंतर कुणीतरी बसवलेला.

मोठ्या माणसाच्या कमरेला दोन्ही बाजूंना हाडाचा कंगोरा हाताला लागतो. पट्टा त्याखाली अडकतो आणि धडकेचा जोर हाडावर जातो. सहा वर्षांच्या मुलाचा हा कंगोरा अजून नीट तयार झालेला नसतो. त्यात पाय सीटच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत म्हणून मूल घसरून पुढे बसतं आणि पट्टा पोटावर चढतो. धडकेत शरीर पट्ट्यावर घडी पडल्यासारखं दुमडतं: आतडी पट्टा आणि मणका यांच्यात चिरडतात, कमरेचा मणका आडवा फाटू शकतो, डोकं पुढच्या सीटच्या पाठीवर किंवा स्वतःच्या गुडघ्यांवर आपटतं. मणक्याचा तसा मोड १९४८ मध्ये चान्स नावाच्या ब्रिटिश रेडिओलॉजिस्टने नोंदवला होता. पुढे कमरेचे पट्टे आले आणि त्याचं नाव या दुखापतीशी कायमचं जोडलं गेलं.

तेव्हा बाबाचं वाक्य थोडं दुरुस्त करायला हवं. पोटावरचा पट्टा म्हणजे पट्टाच नाही असं नाही. गाडीबाहेर फेकलं जाण्यापासून तो वाचवतो, आणि ते लहानसहान नाही. व्हिडिओत मुलगी गुडघ्यांवर उभी होती, म्हणजे तोही लावलेला नव्हता. त्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा. पण मुलाची वेगळी सीट नसताना, नुसत्या मुलाच्या अंगावर तो पुरेसा नाही.

आणि «मी मागे बसून तिला धरेन» हे तर सोडूनच द्या. ताशी ५०च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून पडणं. वीस किलोच्या मुलीला त्या क्षणी जो झटका बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या वीस पट धरला, तरी चारशे किलो हातात तोलावे लागतील.

आता उलटंच वाटेल अशी एक गोष्ट. बहुतेक लोक समजतात की मूल जितकं मोठं तितकं जुन्या गाडीत नेणं सोपं. काही बाबतींत उलट आहे. लहान मुलांच्या सीटला स्वतःचा पाच पट्ट्यांचा हार्नेस असतो. मूल सीटला बांधलं जातं आणि सीट गाडीला. अशा काही सीट नुसत्या कमरेच्या पट्ट्याने बसवायला मान्यता असलेल्या आहेत. म्हणजे तीन-चार वर्षांचं मूल जुन्या गाडीत व्यवस्थित बांधता येण्याची शक्यता आहे. सहा-आठ वर्षांचं मूल मात्र सहसा बूस्टरवर बसतं. बूस्टरला स्वतःचे पट्टे नसतात, तो फक्त मुलाला उंच करतो, म्हणजे गाडीचा खांद्याचा पट्टा बरोबर जागी येतो. गाडीला खांद्याचा पट्टाच नसेल तर बूस्टरचा उपयोग शून्य. उलट शरीर आणखी उंचावरून दुमडतं आणि डोकं आणखी पुढे जातं. कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर कधीच वापरायचा नाही, हे बूस्टरच्या माहितीपत्रकांत ठळक छापलेलं असतं.

त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या मुलीसाठी खरा प्रश्न असा होतो: तिच्या वजनाला आणि उंचीला चालणारी, हार्नेसची, कमरेच्या पट्ट्याने बसवता येणारी सीट मिळते का? हार्नेसची मर्यादा सीटप्रमाणे बदलते. बऱ्याच १८ किलोला संपतात, काही २५ किंवा त्याहून पुढे जातात. आणि मिळाली तर ती त्या मागच्या अरुंद बाकावर हलत नाही ना? बसवल्यावर तळाशी धरून हलवायची, पट्ट्याजवळ. बोट-दीड बोटापेक्षा जास्त सरकली तर ती बसलेली नाही. आजच्या बऱ्याच सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीतच पक्क्या बसवलेल्या, कड्यांवरच बसतात. १९६४च्या गाडीत त्या कड्या नसतात, तेव्हा महागडी नवी सीट आणली म्हणून काम झालं असं नाही.

तान्ह्यांचं वेगळं. त्यांना मागे तोंड करूनच बसवायचं, कारण डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान कच्ची. युरोपातल्या नव्या नियमानुसार निदान पंधरा महिन्यांपर्यंत. उलट्या तोंडाची सीट दोन दारी जुन्या गाडीच्या मागच्या जागेत सहसा मावत नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग नसल्याने ती फुगून बाळाच्या सीटवर आदळण्याचा धोका नाही, पण समोर पत्र्याचा डॅशबोर्ड आहे. तान्ह्या बाळासाठी माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

आणखी एक जागा बघायची, जी दोघांपैकी कुणीच बघितलेली नसते. मागच्या बाकाची गादी उचला, खालचं कार्पेट बाजूला करा. पट्ट्याचा बोल्ट जमिनीच्या पत्र्यातून खाली जातो. त्याच्या खाली तळहाताएवढी जाड लोखंडी प्लेट आहे, की फक्त एक वॉशर? आजूबाजूचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर टणक लागतो, की पापुद्रे सुटतात? अमेरिकी मानकात कमरेच्या पट्ट्याच्या बांधणीने सुमारे २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपासची ओढ सोसायची असते. गंजलेल्या पत्र्यातला वॉशर त्यातून लोण्यातून सुरी जावी तसा निघून येईल. सीट कितीही उत्तम असो, ती याच बोल्टला टांगलेली आहे. जाता जाता पुढच्या सीटची पाठही ढकलून बघा. जुन्या दोन दारी गाड्यांत ती अनेकदा खटक्याशिवाय नुसती पुढे पडते.

खांद्याचा पट्टा नंतर बसवता येतो का? येतो, पण वरचं टोक कुठे बांधायचं हे जाणकाराने ठरवायचं काम आहे. ते खांद्याच्या बरंच खाली बांधलं तर धडकेत पट्टा माणसाला खाली दाबतो आणि मणक्यावरच भार येतो. घरच्या घरी ड्रिल मारून करण्यासारखं हे काम नव्हे.

कायद्यात बसतं, मग?

इथे आईकडे एक हुकमाचा पत्ता असतो: कायदा जुन्या गाड्यांना सूट देतो. बऱ्याच ठिकाणी देतो. ब्रिटनचं उदाहरण घ्या. मुळात पट्टेच नसलेल्या गाडीतून तीन वर्षांखालच्या मुलाला नेताच येत नाही. तीन वर्षांवरच्याला नेता येतं, पण मागच्या सीटवर. म्हणजे चार वर्षांचं मूल कुठल्याही पट्ट्याशिवाय मागे बसवलं तर कायदा मोडत नाही.

ही सूट जुन्या गाड्या एका फटक्यात रस्त्यावरून हद्दपार होऊ नयेत म्हणून आहे. कुणी मोजमाप करून «एवढं चालतं» असं म्हटलेलं नाही. दंड होणार नाही एवढंच त्यातून कळतं. भांडणात हा पत्ता टाकला की समोरच्याचं तोंड बंद होतं, प्रश्न तसाच राहतो.

ठरवायचं कुणी

घटस्फोटानंतरची पालकत्वाची व्यवस्था देशागणिक बदलते, पण बऱ्याच ठिकाणी एक ढोबळ वाटणी दिसते. शाळा, मोठे वैद्यकीय उपचार, परदेशी स्थलांतर असे निर्णय दोघांनी मिळून. जेवण, झोप, कुठे फिरायला जायचं असे रोजचे निर्णय मूल ज्याच्याकडे आहे त्याने. गाडीतून नेणं हा वरवर रोजचा निर्णय. म्हणून «माझ्याकडे असताना मी बघेन» या वाक्यात दम आहे. उठसूट एकमेकांच्या घरात नाक खुपसायचं नाही, यावरच तर ही व्यवस्था चालते.

पण रोजच्या निर्णयाची मोकळीक मुलाच्या हितापाशी थांबते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं तिसरं कलम मुलाचं हित अग्रक्रमाने बघा असं सांगतं. इंग्लंडमध्ये १९८९च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टखाली एक पालक कोर्टाकडे जाऊन, दुसऱ्याने अमुक एक गोष्ट करू नये, असा आदेश मागू शकतो. तिथे «ती बेजबाबदार आहे» म्हणून भागत नाही. कुठली गाडी, कुठली सीट, कुठला रस्ता, मुलाचं वजन किती, हे मांडावं लागतं. आणि ते सगळं मांडता येत असेल तर बहुतेकदा कोर्टात जायची गरज उरत नाही. मध्यस्थाच्या टेबलावरच काम होतं. आपल्या गावातला कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारावं, ते इथे सांगता येणार नाही.

मुलीला विचारायचं का? त्याच कराराचं बारावं कलम म्हणतं की मुलाचं म्हणणं ऐकावं आणि वय, समज बघून त्याला वजन द्यावं. सहा वर्षांच्या मुलीला विचारलं तर ती गाडीत बसायचंच म्हणेल, आणि ते तिच्या आजोबांची गाडी म्हणून म्हणत असेल तर तेही लक्षात घ्यायला हवं. तिला गाडी आवडते, हे ऐकायचं. पट्ट्याचा निर्णय तिच्यावर टाकायचा नाही. आणि «आई तुला पट्टा लावते का गं?» असं दर रविवारी विचारून तिला खबऱ्या करायचं नाही, ती लवकरच दोघांना आवडेल तेवढंच सांगायला शिकते.

धोक्याचा अंदाज दोघांचा वेगळा का येतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. स्टिअरिंग आपल्या हातात असलं की माणसाला धोका कमी वाटतो. दुसऱ्याच्या हातात, आणि तेही ज्याच्यावर आता विश्वास उरलेला नाही अशा माणसाच्या हातात असलं की तोच धोका दुप्पट वाटतो. आई खोटं बोलत नसते, बाबाही नसतो. पण या गोष्टीचा फायदा घेऊन «मग दोघांचंही बरोबर» म्हणायला मी तयार नाही. नीट बांधता येत नसेल तर नाही म्हणणाऱ्या पालकाचं बरोबर आहे, मग त्याचा सूर कितीही खवचट असो. आणि योग्य सीट बसली, बोल्ट तपासला, ब्रेक झाले, तरीही बाबा नाहीच म्हणत असेल, तर काय केलं म्हणजे तो हो म्हणेल हे त्याने सांगितलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर विषय गाडीचा राहिलेला नाही.

कागदावर काय लिहायचं

«सुरक्षित पद्धतीने नेईन» असं लिहिलेल्या करारावर पुन्हा भांडण होतं, कारण सुरक्षित म्हणजे काय यावरच तर मतभेद आहे. मोजता येईल असंच लिहायचं. सीटचं मॉडेल कुठलं. ती कोण बसवेल, आणि बसवल्यावर दुसऱ्याला फोटो पाठवायचा का. पट्ट्याच्या बांधणीची आणि ब्रेकची तपासणी कुणाकडून, वर्षातून किती वेळा, आणि तो कागद दोघांनी बघायचा. टायर किती वर्षांचे झाले की बदलायचे. जुनी गाडी कमी चालते, त्यामुळे खाच शाबूत आणि रबर मेलेलं असं होतं. एक्झॉस्ट गळत नाही ना, कारण टप उघडा असला तरी मागचा भोवरा धूर आत खेचतो.

रस्त्याचं तर लिहायचंच. वेग अर्धा केला की धडकेचा जोर चौथाईवर येतो, त्यामुळे हमरस्ता वगळून गल्लीबोळातून, दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर ताशी ४०च्या आत, एवढ्या एका अटीने जेवढा धोका उतरतो तेवढा दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीने क्वचितच उतरेल. शाळेत सोडायला आणि लांबच्या प्रवासाला रोजची बंद गाडी. जुनी गाडी फिरायला, आणि चालवायची फक्त आईने; मामा, मैत्रीण, कुणी नाही.

करार कधी संपतो तेही लिहायचं, आणि ते तारखेने नाही, मुलीच्या मापाने. हार्नेसच्या सर्वांत वरच्या खाचेच्या वर तिचा खांदा गेला किंवा वजन सीटवर छापलेल्या आकड्यावर पोहोचलं, की त्या गाडीत तिची जागा संपली. पुढे ती बूस्टरला योग्य होते, पण बूस्टरला लागणारा खांद्याचा पट्टा तिथे नाही. मोठ्यांचा पट्टा अंगाला नीट बसायला उंची साधारण १४५ सेंटिमीटर लागते, म्हणजे दहा-बारा वर्षांचं वय. मधली ही काही वर्षं आईने एकतर जाणकाराकडून खांद्याचा पट्टा बसवून घ्यायचा, नाहीतर मुलीला ती गाडी उभी असतानाच तिच्यात बसू द्यायचं, आणि हे तिला आताच, सीट आणतानाच, सांगून ठेवायचं.